पंचवटीतलं हवापाणी ऑफिस

ज्या ऑफिसात सगळ्यांचा सगळ्यांवर विश्वास असतो, तिथे किस्से घडत नाहीत. तिथे फार तर वर्षातून एकदा सत्यनारायण होतो! किस्से साठायचे तर संशय लागतो, आणि तो आमच्याकडे मुबलक होता. गल्लीला आमचा संशय, गावांना आमचा संशय, पोलिसांना आमचा संशय आणि आम्हाला आमच्याच गणिताचा संशय. परवा निकम भेटला. आम्ही दोघं बोलत बसलो तर चहा दोनदा गार झाला, तरी किस्से संपेनात.

आधी थोडी ओळख करून देते.

आणीबाणी उठून पाच-सहा वर्षं झाली असतील. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत एका इमारतीचा वरचा मजला भाड्याने घेऊन आमचा प्रकल्प सुरू झाला. काम असं होतं: कारखान्यांच्या आणि मोटारींच्या धुराने पृथ्वीचं तापमान वाढत गेलं, तर पन्नास-शंभर वर्षांनी जगाच्या अर्थव्यवस्थेचं किती नुकसान होईल, याचं गणित मांडायचं. त्या गणिताला 'मॉडेल' म्हणायचे. सगळ्या जगाचं मॉडेल परदेशातल्या एका विद्यापीठात तयार होत होतं. त्यातला नाशिक जिल्ह्याएवढा तुकडा आमच्या वाट्याला आलेला. हे सगळं भाजीवाल्यांना सांगत बसणार कोण? त्यांनी आपलं आपणच नाव ठेवलं, 'हवापाणी ऑफिस'. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की तो बरोबर दारात आणून सोडायचा.

आम्ही चौघं होतो. रहाळकर सर प्रमुख, अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. प्रत्येक वाक्य 'गृहीत धरा' पासून सुरू करायची त्यांना सवय. घरी चहासुद्धा तसाच मागायचे म्हणे! साळवे संख्याशास्त्राचे, राहायला नाशिकरोडला. बोलायचे कमी, आणि बोलले की समोरच्याला घरी गेल्यावर हसू यायचं. निकम सटाण्याचा, कॉम्प्युटरचे प्रोग्राम तो लिहायचा. कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हता हं. तो मुंबईत. निकम प्रोग्रामच्या भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन एस.टी.ने जायचा आणि आकड्यांनी भरलेल्या कागदांच्या चळती घेऊन यायचा. आणि मी मंदा शेवाळे, एम.ए. गावोगाव फिरून लोकांना प्रश्न विचारायचं काम माझं.

* * *

सुरुवात घरापासूनच झाली. नोकरी लागली त्या संध्याकाळी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "काम काय आहे गं नेमकं?"

मी उत्साहाने सगळं सांगितलं. धूर, तापमान, पीकपाणी, जगाचं नुकसान.

"म्हणजे शंभर वर्षांनी काय होणार, ते तुम्ही सांगणार?"

"हो."

"आणि पगार कधी?"

"दर महिन्याला."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं. एक खडा उचलून बाजूला टाकला.

"चांगलं आहे की! खोटं ठरलं तर धरायला येणार कोण?"

मी पुढे त्या प्रकल्पावर बरीच वर्षं काम केलं. मोठमोठ्या विद्वानांची टीका ऐकली. यापेक्षा नेमकी एकही नाही.

* * *

पहिलं गाव निफाडकडचं. आम्ही जीपने गेलो आणि तिथेच चुकलो. आणीबाणीत नसबंदीवाले जीपनेच यायचे!

गावात शिरलो तर रस्त्यावर एक पुरुष दिसेना. ओट्यांवर बायका, पारावर कुत्री. मी एका घरापुढे उभी राहिले आणि छापील प्रश्नांतला पहिलाच प्रश्न विचारला, "घरात मुलं किती?"

बाईंनी दार लावून घेतलं.

हा प्रश्न पहिला कोणी ठेवला, यावर जीपमध्ये सरांचं आणि साळव्यांचं बरंच वाजलं. शेवटी निकम उसात शिरला आणि एका म्हाताऱ्याला हाताला धरून बाहेर घेऊन आला. तोंडात दात नाहीत, कमरेत वाकलेला. धापा टाकत होता बिचारा.

निकम म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला पळालात? तुम्हाला कोण काय करणार?"

"सरकारचा काय भरवसा!" बाबा म्हणाले. "कोटा भरायचा आसंल!"

सरांनी त्यांना तिथेच बांधावर बसवून नीट समजावलं. गृहीत धरा ऊन वाढलं, गृहीत धरा पाऊस कमी झाला, गृहीत धरा पन्नास वर्षं गेली. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी आज काय कापनार नाय ना?"

"नाही हो!"

बाबा वळले आणि उसाकडे तोंड करून ओरडले, "या रे भायेर! ह्यांचं पन्नास वर्सांनी हाय!"

* * *

आता मटक्याचा किस्सा. त्या काळी पंचवटीत मटक्याचा आकडा न लावणारा माणूस शोधावा लागे. दिवसातून दोन आकडे फुटायचे. आधीचा तो 'ओपन' आणि नंतरचा तो 'क्लोज'. दोन्ही फुटेपर्यंत बाजारात कोणाचं कामात लक्ष नसायचं.

निकमने मुंबईहून आणलेले कागद चुकीचे निघाले की आम्ही रद्दीत टाकायचो. ती रद्दी खालच्या शेंगदाणेवाल्याकडे जायची आणि त्याच्या पुड्या व्हायच्या. पुडी उघडली की आत आकडेच आकडे! एका हमालाने शेंगदाणे संपवून पुडीवरचा आकडा लावला, आणि नेमका तो लागला.

झालं! दुसऱ्या दिवशी शेंगदाणेवाल्यापुढे रांग. शेंगदाणे नकोत, नुसती पुडी द्या म्हणणारे निघाले. मग कोणीतरी विचार केला, पुडी कशाला, कागद जिथून येतो तिथेच जाऊ. आमचा जिना माणसांनी भरला.

पुढे एक पैलवानासारखा गडी. सरांना नमस्कार करून हळूच म्हणाला, "साहेब, गरिबांवर मेहरबानी करा. आकडा द्या."

सर चिडले. "अहो, आमचा आकडा शंभर वर्षांनंतरचा आहे!"

गड्याने मान डोलावली, मागे वळून मंडळींना सांगितलं, "क्लोज शंभर वर्षांनी!" आणि पुन्हा सरांकडे वळून हात जोडले.

"बरं साहेब, मग ओपन काय?"

* * *

परदेशातल्या त्या विद्यापीठाचे पीटर साहेब दर हिवाळ्यात आमचं काम पाहायला यायचे. उंच, लालबुंद, अतिशय सभ्य माणूस. पहिल्या खेपेला येताना त्यांनी एक फटीफटींची पांढरी लाकडी पेटी आणली आणि आम्ही ती गच्चीवर उभी केली. आत थर्मामीटर होते, दुसरं काही नाही. पण गच्चीवर पांढरी पेटी, खाली गोरा माणूस आणि ओझरचा विमानांचा कारखाना काही फार लांब नाही! त्या दिवसांत वर्तमानपत्रात उठसूट 'परकीय हात' असायचा. तो हात आमच्या गच्चीपर्यंत पोचलाय, असं कोणीतरी पोलिसांना कळवलं असावं.

समोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस बसू लागला. कपडे साधे, बूट पोलिसांचे. सकाळपासून एकच पेपर वाचायचा. सगळ्या गल्लीला माहीत होतं. टपरीवाला आमचा चहा वर घेऊन आला की सांगायचा, "सीआयडी साहेब आज उशिरा आले. सर्दी झालीय त्यांना."

एका दुपारी ऊन फारच वाढलं, तेव्हा सरांनी त्यांनाच वर बोलावलं. गृहस्थ आधी ओशाळले, मग चहा घेतला, मग भिंतीवरच्या फळ्याकडे पाहू लागले. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'सीओ-टू दुप्पट झाल्यास?'

"हे सीओ म्हणजे कमांडिंग ऑफिसर ना?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. "हे दोन नंबरचे. एक नंबरचे कुठे असतात?"

सर म्हणाले, "अहो, तो हवेत असतो."

गृहस्थ ताठ झाले. "एअर फोर्सचा?"

साळवे कोपऱ्यातून म्हणाले, "आता सगळीकडेच आहे. वाढत चाललाय."

पेला खाली ठेवून गृहस्थांनी आवाज हळू केला. "आणि दुप्पट झाल्यावर काय करणार आहे तो?"

"तेच तर आम्ही शोधतोय!" सर म्हणाले.

गृहस्थांनी सरांचा हात हातात घेतला. "आम्हीसुद्धा!"

* * *

एकदा निकम मुंबईहून परतला तो गप्पगप्प. कागद टेबलावर ठेवले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. सरांनी कागद उलगडला. सटाण्याच्या कांद्याचं उत्पन्न तापमानाबरोबर कमी कमी होत जात होतं आणि शेवटच्या ओळीत चक्क उणे आलं होतं!

सर चष्मा पुसत म्हणाले, "गृहीत धरा की..."

"सर," निकम खिडकीतून वळला. "उणे कांदा म्हणजे काय? लासलगावहून कांदे विकत आणायचे आणि आमच्या बापाच्या वावरात पुरायचे?"

सर आमचे प्रामाणिक. त्यांनी प्रोग्राममध्ये अट घालायला लावली, की उत्पन्न शून्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. निकमला तेवढ्यानेही बरं वाटलं. तो शनिवारी घरी गेला आणि वडिलांना खुशखबर दिल्यासारखं सांगितलं, की आधी मशीन उणे म्हणत होतं, आता फक्त शून्य म्हणतं.

वडील बैलाला पाणी दाखवत होते. अहिराणीत म्हणाले, "शून्य शे ना? मंग ठीक शे. त्यानी आमले सवय शे."

* * *

पीटर साहेबांना आमच्या पाण्याचा भारी संशय. उकळलेलं, गाळलेलं, पुन्हा उकळलेलं पाणी लागायचं. दात घासायला सोड्याची बाटली! आम्हाला त्याचं काही नव्हतं. पाहुणा माणूस.

एकदा दुपारी सगळे डबे उघडून बसलो होतो. पीटर साहेब माझ्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि पिठलं मनापासून खात होते. खाता खाता म्हणाले, की त्यांच्या देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा इतका लहान आहे, की तापमान वाढून ती सगळी बुडाली तरी एकूण आकडा फारसा हलत नाही. काळजीचं कारण नाही, असं मॉडेल सांगतं.

निकमचा घास हातातच राहिला. "मग हे जेवणार काय?" त्याने मला मराठीत विचारलं.

मी सरांकडे पाहिलं. सरांनी 'गृहीत धरा' सुद्धा म्हटलं नाही.

साहेब हात धुवायला गेले, तेव्हा साळव्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाले, "आपलं पाणी ते दोनदा उकळून घेतात. त्यांचे आकडे मात्र आपण तसेच पितो."

* * *

पुढच्या खेपेला पीटर साहेबांनी नवीन प्रश्न आणला. 'पन्नास वर्षांनी तुमच्या गावचा पाऊस कमी होऊ नये, म्हणून आज तुम्ही वर्षाला किती रुपये द्याल?' लोक जेवढे रुपये म्हणतील, तेवढी त्या पावसाची किंमत. मॉडेलला प्रत्येक गोष्टीची किंमत लागायची.

मी दिंडोरीकडच्या एका गावात गेले. एकाने पावती मिळेल का विचारलं. दुसऱ्याने विचारलं, हप्त्याने चालेल का. तिसऱ्या घरी पारूबाई म्हणून वयस्कर बाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी प्रश्न वाचला. त्या फोडतच राहिल्या.

"पाऊस कमी करतंय कोन?"

"लांबच्या देशातले कारखाने असतात, मोटारी असतात. त्यांचा धूर."

"त्यांनी धूर करायचा आन् पैसं म्या द्यायचं?"

"तसं नाही आजी, हे नुसतं विचारायचं असतं."

"मग त्यांना इचारलं का, किती घेशीला म्हनून धूर थांबवायला?"

"त्यांना नाही विचारलं."

पारूबाईंचा हात थांबला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडी, पर्स, पायातल्या चपला.

"बाई, तू त्यांच्याकडची का आमच्याकडची?"

परत येताना जीपमध्ये सरांनी विचारलं, पारूबाईंपुढे काय लिहिलंस? मी म्हटलं, 'उत्तर दिले नाही' असं लिहिलंय. उत्तर त्यांनी दिलं नाही की मी, त्याला रकाना नव्हता.

* * *

आणि हा शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

साळव्यांना पीटर साहेबांच्या विद्यापीठात वर्षभरासाठी बोलावणं आलं. आमच्या ऑफिसात पेढे वाटले गेले. साळव्यांच्या घरात परदेशी जाणारे ते पहिलेच. नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत बुद्धविहारापुढे सत्कार झाला. त्यांची आई पहिल्या रांगेत बसून सगळा वेळ पदराने डोळे पुसत होती.

त्याच आठवड्यात पीटर साहेबांनी आम्हाला मॉडेलचा नवा भाग समजावून सांगितला. ऊन वाढलं, दुष्काळ पडले की माणसं मरणार. मेलेली माणसंही नुकसानीत धरायला हवीत. तर माणसाची किंमत काय? ती त्या देशातल्या माणसाच्या कमाईवरून काढायची. साहेबांनी तक्ता लावला. त्यांच्या देशातला एक माणूस आमच्याकडच्या कितीतरी माणसांच्या बरोबरीचा होता. बोट ठेवून साहेब अगदी सरळपणे सांगत होते. त्यात खोट नव्हती, खोडसाळपणा नव्हता. निकम खाली बघत होता. सर खडू हातात धरून नुसते उभे.

साळव्यांनी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा.

"सर, एक शंका आहे. मी आता तुमच्या देशात येणार. तर माझी किंमत कधी बदलते? उतरल्यावर, का पहिला पगार झाल्यावर?"

मला वाटलं, साहेब हसतील. साहेब हसले नाहीत. त्यांनी खरोखर विचार केला.

"तुम्ही राहता कुठे, त्यावर ते अवलंबून राहील," ते म्हणाले.

"मग विमानात?"

साहेबांनी पुन्हा विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या. आणि अगदी मनापासून, मदत करायच्या हेतूने विचारलं, "तुमचं तिकीट रिटर्न आहे का?"

खाली बाजारात कोणीतरी मेथीचा भाव ओरडत होतं, ते स्पष्ट ऐकू आलं.

"हो, रिटर्न आहे," साळवे म्हणाले, आणि बसले.

संध्याकाळी गोदावरीच्या पुलापर्यंत मी आणि साळवे बरोबर चालत गेलो. मी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"माणसाची किंमत तो कुठे जन्मला त्यावरून ठरते, हे आमच्या घरात नवीन नाही, शेवाळे मॅडम," ते म्हणाले. "इथे निदान विमानात बसून बदलते. प्रगतीच म्हणायची!"

ते गेले. वर्षभर तिथे काम केलं. त्या तक्त्यावर त्यांनी पीटर साहेबांशी वाद घातला, असं नंतर त्यांच्याचकडून कळलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि तक्ता होता तसाच ठेवला. साळव्यांना तिथेच आणखी राहा म्हणून त्यांनी सांगितलं होतं. साळव्यांनी नको म्हटलं.

परत आले तेव्हा आम्ही जीप घेऊन मुंबईच्या विमानतळावर गेलो. सर, निकम, मी आणि साळव्यांची आई. आई कधी कसाऱ्याच्या पुढे गेलेली नव्हती. काचेच्या दारातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ती संशयाने बघत होती, की यानेच आपल्या मुलाला अडवून ठेवलंय की काय. शेवटी साळवे दिसले. हातात बॅग, अंगावर जाड कोट. आईने आधी त्यांचा चेहरा चाचपून पाहिला, मग दंड.

"केवढा उतरलास रे! बरं नव्हतं का?"

"बरा आहे, आई."

सरांनी विचारलं, "प्रवास कसा झाला?"

साळव्यांनी कोट काढून हातावर घेतला. आमच्याकडे पाहिलं.

"चांगला झाला, सर. फक्त अरबी समुद्रावर आलो आणि एकदम फार हलकं वाटायला लागलं."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आईने मात्र लगेच पिशवीत हात घातला.

"विमान लागलं असेल," ती म्हणाली. "घे, हे लिंबू हुंग."